गोलमधला जावई

"हरलो कुठे? वेळ संपली."

मॅच संपल्याची शिट्टी झाली की चाचा दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि हे वाक्य म्हणायचे. समोरच्या टीमने पाच गोल मारलेले असोत नाहीतर सात, वाक्य तेच. आणखी अर्धा तास मिळाला असता तर आपण त्यांना सोडलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. आणखी अर्धा तास मिळाला असता तर त्यांनी आणखी चार मारले असते, हे मैदानाच्या कडेला चहा पीत उभ्या असलेल्या कोणालाही कळत होतं. पण चाचांना ते सांगणार कोण?

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. हरायचं आणि पुढच्या शुक्रवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर राहून पुन्हा हरायची तयारी करायची. तीही अशी की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कप घ्यायलाच आलाय.

चाचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. मनामाच्या जुन्या बाजारात गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात त्यांची सगळी हयात गेली. तिथल्या अरबी मालकापासून आमच्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत, त्यामुळे मीही इथे तेवढंच म्हणतो. बहरीनमध्ये हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी आपल्याकडच्या कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांच्या टीम एकमेकांशी फुटबॉल खेळतात. केरळच्या कॉलेजांच्या टीम तर अशा, की पोरं जन्मतःच बूट घालून आली असावीत. एक टीम गोव्याची, एक मंगळूरची, एक हैदराबादची. आणि एक आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजची, जिचे चाचा मॅनेजर, कोच, चहावाले आणि बारावे खेळाडू. लीगचा नियम एकच होता: खेळणारा त्या कॉलेजात शिकलेला पाहिजे. पास झालेला पाहिजे असं नियमात कुठे म्हटलं नव्हतं, म्हणून आमचे अकरा जण जमले.

मी त्यांच्या हाती कसा लागलो ते सांगतो. मनामातल्या एका दुकानात मी कोकमं घेत उभा होतो. शेजारी एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस सुकी मासळी नाकाशी धरून हुंगत होता. माझं मराठी ऐकून त्याने मासळी खाली ठेवली.

"कुठला रे तू?"

"महाडकडचा."

"कॉलेज कुठलं?"

मी कॉलेज सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "मग तू आपलाच की. फुटबॉल खेळायचास?"

"नाही हो. कॅरम."

"म्हणजे हात चालतात. उंचीही आहे. गोलमध्ये उभा राहा शुक्रवारी. आमचा गोलकीपर सौदीला गेला तो गेलाच. लग्न झालंय? सासुरवाडी कुठची?"

मी गावाचं नाव घेतलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं. खांद्यावरचा हात झटकन निघाला.

"म्हणजे तू अण्णांचा... म्हणजे तुम्ही आमचे जावई झालात की. अण्णा आणि मी एका बाकावर होतो शाळेत." मग माझ्या हातातली कोकमाची पुडी काढून घेत ते दुकानदाराला म्हणाले, "हे माझ्याकडे. गावच्या जावयाने कोकमं विकत घ्यायची असतात होय?"

एवढ्या दोन मिनिटांत मी तू होतो तो तुम्ही झालो, आणि तिथूनच टीमचं नशीब फुटलं. कारण मला फुटबॉल अजिबात येत नाही. हे मी विनयाने वगैरे म्हणत नाहीये. बॉल माझ्याकडे येताना दिसला की माझे दोन्ही पाय एकमेकांना विचारतात, तू जातोस की मी जाऊ, आणि तेवढ्यात बॉल त्यांच्या मधून निघून जातो.

आता कोणत्याही टीममध्ये अशा गोलकीपरला दुसऱ्या मॅचला नारळ मिळाला असता. पण मी गोलकीपर नव्हतोच, मी जावई होतो. बाकीच्यांचे शर्ट एका पिशवीत कोंबलेले असायचे आणि ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याने घालायचा. माझा एक नंबरचा शर्ट इस्त्री करून हँगरवर लटकत यायचा. थर्मासमधला पहिला चहा मला. हाफटाइमला सगळे वाळूत बसकण मारायचे, मला खुर्ची. आणि मी गोल खाल्ला, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांनी, की चाचा मैदानाच्या कडेने धावत येऊन बॅकला झाडायचे.

आमचा बॅक रफिक, खेडचा, ट्रेलर चालवणारा आडदांड गडी. त्याच्यावर तर त्यांचा खास डोळा.

"रफिक, मेल्या, बॉल जावयांच्या अंगावर गेलाच कसा?"

"चाचा, पायात गोळा आला होता."

"गोळा तुझ्या पायात आला आणि त्रास जावयांना?"

चाचांच्या दृष्टीने गोलपर्यंत बॉल येणं हाच मुळी पाहुण्याचा अपमान होता. दहा माणसं घरात असताना दार उघडायला जावयाला उठावं लागतं म्हणजे काय, असा तो हिशेब. मी खजील होऊन जाळीतून बॉल काढत असायचो आणि चाचा लांबून मला म्हणायचे, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं जावईबापू. पोरं जरा बेसावध आहेत."

खरी मौज पुढेच आहे. आमच्या टीममध्ये एक फार चांगला गोलकीपर होता, आणि तो म्हणजे स्वतः चाचा.

गुरुवारी संध्याकाळी मनामाच्या झिंज भागातल्या एका मोकळ्या प्लॉटवर आम्ही सरावाला जमायचो. पोरांनी गोलवर मारायची आणि चाचांनी अडवायची. साठीला टेकलेला माणूस, गुडघ्यांना पट्टे, पण बॉल पायातून सुटायच्या आधी त्यांना कळलेलं असायचं तो कुठे जाणार. उगाच उड्या नाहीत, लोळणं नाही. दोन पावलं सरकायचे आणि बॉल आपसूक त्यांच्या पोटाशी येऊन विसावायचा. मी बाजूला उभा राहून बघत बसायचो. मला तर वाटायचं, बॉललाही त्यांच्याकडे जायला आवडत असावं. कॉलेजात तीन वर्षं ते गोलकीपर होते. त्या तीन वर्षांत टीम एकही मॅच जिंकली नव्हती, पण त्यांच्या मते तो दोष बोटीचा होता. बोटीने खाडी ओलांडून जाईपर्यंत पोरांना मळमळायचं.

"कॉलेजात असताना जिंकलेलं बघितलं नाही, इथे येऊनही नाही," एकदा सरावानंतर पाणी पिता पिता ते म्हणाले. "मार्चअखेर माझा व्हिसा खलास. मालक म्हणतो, चाचा, आता घरी जा, आराम करा. जातो की. एवढी एक मॅच जिंकलेली बघायची आणि मग खुशाल जायचं. इंशाल्ला."

हसत हसतच म्हणाले. पण आम्ही सगळ्यांनी पाण्याच्या बाटल्या खाली ठेवल्या. हा माणूस इतकी वर्षं आम्हाला सांगत होता की आपण कधी हरलोच नाही, आणि आत्ता पहिल्यांदा कबूल करत होता की कधी जिंकलोही नाही. मला तर इतकं वाईट वाटलं की घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने कारण विचारलं. सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तुम्ही गोलमधून बाजूला व्हा. सोपं आहे."

सोपं आहे म्हणे. तिच्याच गावची रीत तिलाच विसरायला झाली होती.

रफिकने आधी विषय काढला. "चाचा, तुम्ही उतरा ना गोलमध्ये. राहिलेल्या मॅचा तरी."

"आणि जावई कुठे बसतील?"

"बाकावर."

चाचांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू रफिकने मला उकिरड्यावर बसवायची सूचना केली होती. "मी गावी जाऊन अण्णांना काय सांगू? तुमचा जावई माझ्या टीममध्ये होता, त्याला उठवला आणि त्याच्या जागेवर मी उभा राहिलो? अरे, गाव थुंकेल माझ्या तोंडावर."

मग मीच गेलो. म्हटलं, चाचा, मला काढा, मला खेळता येत नाही, मी आनंदाने बाहेर बसतो. त्यांचा चेहरा पडला. "तुम्हाला कोणीतरी बोललं. कोण बोललं? रफिक?" मी शंभरदा नाही म्हटलं. शेवटी रात्री रफिक बिचारा एक किलो खजूर घेऊन माझ्या दारात उभा. "भावजी, माफ करा. काय बोललो ते माहीत नाही, पण चाचांनी पाठवलंय."

मग मी पाय मुरगळल्याचं सोंग केलं. चूक झाली. तासाभरात चाचा तेलाची बाटली घेऊन घरी. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि असा काही रगडला की नसलेली मुरगळ खरोखर आली. शुक्रवारी दोन्ही खांद्यांना दोघांनी धरून मला गोलमध्ये नेऊन उभं केलं. "नुसते उभे राहा. तुम्ही दिसलात तरी पोरांना हुरूप येतो."

शेवटी मी मुद्दाम वाईट खेळायचं ठरवलं. एक अख्खी मॅच ठरवून वाईट खेळलो. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मार्च उजाडला. एकच मॅच उरली, केरळच्या एका कॉलेजशी, आणि त्यानंतरच्या आठवड्यात चाचांचं विमान. टीममध्ये सुतकी कळा. आमचा फॉरवर्ड दिनेश, चिपळूणचा इलेक्ट्रिशियन, तो तर मला बघून उसासे टाकायला लागला. मी त्याला म्हटलं, बाबा, तूच काहीतरी कर, मला शॉक दे. तो म्हणाला, चाचा म्हणतील जावयांना शॉक लागलाच कसा.

त्या सोमवारी चाचा आमच्याकडे चहाला आले होते. लीगची एक पद्धत होती. शेवटच्या मॅचला एक प्रमुख पाहुणा असायचा. तो दोन्ही टीमशी हात मिळवायचा, मॅच बघायचा आणि शेवटी दोन शब्द बोलायचा. पाहुणा आणायची पाळी या वेळी आमच्याकडे आली होती, आणि चाचा आपल्या दुकानाच्या मालकाला विचारणार होते.

बायकोने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि अगदी सहज, भांडी आवरता आवरता म्हणाली, "चाचा, गावचा जावई इथे असताना पाहुणा म्हणून परक्या माणसाला बोलवायचं? अण्णांना कळलं तर काय म्हणतील?"

चाचांचा कप ओठांपाशीच थांबला.

"आपल्याकडे जत्रेत कबड्डीचे सामने व्हायचे," ती पुढे म्हणाली, "तेव्हा गावात आलेला जावई स्टेजवरच असायचा ना? का तो लंगोट लावून मातीत उतरायचा?"

चाचांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात जे ठरायचं होतं ते ठरलं. जावयाला खाली बसवता येत नव्हतं. वर बसवायला कोणाची हरकत असणार?

"बाय," चाचा म्हणाले, "तू लहानपणीसुद्धा अशीच होतीस." आणि सगळा चहा एका घोटात संपवून ते तरातरा निघून गेले.

शुक्रवारी सकाळी मी उठून बाहेरच्या खोलीत आलो तर आमचा सोफा गायब. बायको म्हणाली, "पिकअपमधून पुढे गेलाय. प्रमुख पाहुणे काय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणार?" मला लग्नातला सूट घालायला लावला. मैदानावर पोहोचलो तर वाळूच्या कडेला, ऐन मधल्या रेषेवर, आमचा तांबडा सोफा. त्यावर पलंगपोस. चाचांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मार्चचं ऊन, अंगात सूट, वर लोकरीची शाल. पण मी तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला कधी एवढं हलकं वाटलं नव्हतं.

दोन्ही टीम रांगेत उभ्या राहिल्या. मी हात मिळवत निघालो. केरळवाल्यांच्या सेंटर फॉरवर्डने माझा हात हातात घेऊन कळवळून विचारलं, "भाईसाब, आज आप नहीं खेल रहे?" त्याचं दुःख अगदी मनापासूनचं होतं. सीझनभरातले त्याचे निम्मे गोल माझ्या कृपेचे होते.

आमच्या रांगेत सगळ्यात शेवटी चाचा. अंगात एक नंबरचा शर्ट. ऐन वेळी इस्त्री राहिली होती, तो पिशवीतल्या इतर शर्टांसारखा चुरगळलेला होता. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि नजर खाली ठेवून म्हणाले, "जावईबापू, परवानगी आहे ना?"

मी म्हटलं, "चाचा, जिंका."

पहिल्या हाफमध्येच आम्ही गोल केला. खोटं कशाला सांगू, आम्ही म्हणजे दिनेशच्या पाठीने केला. तो रेफ्रीकडे वळून फाउलची तक्रार करत होता, रफिकने मागून आडदांड लाथ घातली, बॉल दिनेशच्या पाठीवर आपटला आणि उडून जाळीत. दिनेश तक्रारच करत राहिला. त्याच्या अंगावर सहा जण पडले तेव्हा त्याला वाटलं मारामारी सुरू झाली.

मग मात्र केरळवाले उठले. हाफटाइमनंतरचा सगळा खेळ आमच्या गोलपाशीच चालला होता. एका मागून एक बॉल येत होते आणि चाचा दोन पावलं सरकत होते. घेतला. ढकलला. पुन्हा घेतला. "यल्ला रफिक, वर चल, झोपलास काय?" असं ओरडत होते. आमची पोरं जीव तोडून धावत होती, कारण सगळ्यांना कळलं होतं की आज बॉल अडवणारं कोणीतरी मागे उभं आहे. मी सोफ्यावर टेकलोच नव्हतो. नारळ छातीशी धरून उभा होतो, आणि बायको सूट धरून मला मागे ओढत होती.

अगदी शेवटी तो सेंटर फॉरवर्ड एकटा सुटला. रफिक त्याच्यावर झेपावला आणि तोंडावर आपटला. मध्ये कोणी नाही. चाचा पुढे आले. डोळ्यांवर ऊन, समोरून तरणाताठा गडी भरधाव येतोय, आणि चाचा गुडघ्यांत वाकून हात पसरून त्याच्याकडे चालत गेले, घरी आलेल्या माणसाला सामोरं जावं तसे. त्याने मारला. सगळा जोर लावून मारला. बॉल चाचांच्या पोटात घुसल्याचा आवाज सोफ्यापर्यंत आला. चाचा बॉलभोवती मिटले आणि तसेच खाली पडले.

उठले नाहीत.

मी कधी धावलो ते मला कळलं नाही. शाल, सूट, नारळ, सगळ्यासकट मी मैदानात. रेफ्री बहरीनी होता, शांत स्वभावाचा. शाल पांघरून नारळ घेऊन पळत येणारा माणूस पाहून त्याला बहुधा मी आमच्याकडचा डॉक्टर वाटलो. त्याने मला अडवलं नाही.

मी वाळूत गुडघे टेकले. "चाचा. चाचा, काय होतंय?"

चाचांनी एक डोळा उघडला. श्वास घेता येत नव्हता, पण बॉल दोन्ही हातांनी घट्ट धरलेला होता. "जावईबापू," ते कसेबसे म्हणाले, "पाहुण्यांनी धावायचं नसतं. सोफ्यावर बसा."

आणि उठले. बॉल लांब भिरकावून दिला. रेफ्रीने मला हाताला धरून बाहेर नेलं, "यल्ला सदीक, चल दोस्ता, बाहर," म्हणत, आणि मी रेषेच्या बाहेर पाय ठेवतोय तोच त्याने शेवटची शिट्टी वाजवली.

त्यानंतर काय गोंधळ झाला तो विचारू नका. रफिक रडत होता. दिनेश आपली पाठ सगळ्यांना दाखवत फिरत होता. केरळवाल्यांनीही चाचांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. आणि आम्ही सगळे वाट बघत होतो की चाचा आता काय बोलतात. त्यांनी हात कमरेवर ठेवले, मान तिरकी केली, तोंड उघडलं आणि मिटलं. जिंकल्यावर काय बोलायचं ते त्यांच्याकडे तयारच नव्हतं.

ते सरळ सोफ्याकडे आले. मी त्यांना जबरदस्तीने शेजारी बसवलं. ते अगदी काठावर टेकले, पाहुण्याच्या सोफ्यावर आपल्याला जागाच नसल्यासारखं अंग चोरून.

"राग नाही ना आला, जावईबापू?"

ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस एवढी वर्षं वाट बघत होता ती आत्ता घडली होती, आणि त्याच्या डोक्यात काय, तर माझा मान. मी म्हटलं, "चाचा, तुमच्यावर रागवणारा माणूस जन्माला यायचाय अजून."

"मग झालं. मात्र अण्णांना सगळं मीच सांगणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती. चाचांनी खेळाच्या शर्टावरूनच कुर्ता चढवला आणि रफिकबरोबर मशिदीकडे निघून गेले. प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द ऐकायला मैदानावर कोणीच उरलं नाही. मी आणि बायकोने मिळून सोफा उचलला.

पुढच्या आठवड्यात चाचा गेले. विमानतळावर सगळी टीम होती, आणि चाचा प्रत्येकाला तेच बजावत होते की पुढच्या सीझनला जावयांना सांभाळा. नंतरच्या गुरुवारी आम्ही झिंजच्या प्लॉटवर जमलो आणि गोलमध्ये कोणीच नव्हतं. पोरांनी उगाच चारदोन बॉल मारले. ते सरळ रस्त्यावर जात होते. मग सगळे चहा प्यायला गेले.

मे महिन्यात आम्ही सुट्टीला सासुरवाडीला गेलो. अण्णा मला घ्यायला स्टँडवर आले होते. हे मला नवीन होतं. अण्णांच्या लेखी मी आजवर कॅरमवाला होतो. संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकल्या, आणि बघता बघता सगळी आळी जमली. वाडीतली माणसं, खालच्या मोहल्ल्यातली माणसं. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली, "हेच ना ते, पोटावर बॉल घेतलेले?"

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"तर काय," अण्णा छाती काढून म्हणाले, "केरळच्या पोरांनी काय काय केलं, पण जावयाने बॉल सोडला नाही. आमचा हा तर म्हणतो, मी कडेला उभा राहून डोळ्यांनी बघितलं."

'आमचा हा' पायरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. पांढरी दाढी, खाली घातलेली मान. बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बाय," चाचा मान वर न करता म्हणाले, "सगळ्यांना चहा ठेव बघू."

ती गेली. दारातून एकदा मागे वळून तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

"आता तुमच्याच तोंडून ऐकू दे," अण्णा म्हणाले.

मी काय करणार होतो? मध्ये बोलायचं नाही असा शब्द दिलेला. मी सांगायला लागलो. डोळ्यांवर ऊन कसं होतं ते सांगितलं. रफिक तोंडावर कसा आपटला ते सांगितलं. दुसरा कोणी असता तर रेषेवर खिळून राहिला असता, पण मी कसा पुढे चालत गेलो ते सांगितलं. "गुडघे दुखत असताना, या वयात," असं तोंडातून निघून गेलं, आणि अण्णांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी तर चाळिशीचा. मी खाकरलो आणि पुढे गेलो. बॉल पोटात घुसल्याचा आवाज कसा आला, श्वास कसा कोंडला, तरी हातांची मिठी कशी सुटली नाही, सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. इतकं नीट मी आयुष्यात काही सांगितलं नव्हतं, कारण अंगणात माणसं पुष्कळ होती पण मी सांगत होतो एकालाच.

अडकित्त्याचा आवाज थांबला होता. चाचांनी डोळे मिटले होते आणि दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

"मग?" त्यांनी विचारलं. "पुढे काय झालं, जावईबापू?"

"मग शिट्टी झाली, चाचा. आपण जिंकलो."

माणसं खूश झाली, कोणी टाळ्या वाजवल्या. चाचा तसेच डोळे मिटून बसून होते. चहा आला. कप फिरले. मग ते म्हणाले, "अण्णांना मधलं नीट ऐकू आलं नसेल. तो पोरगा एकटा सुटला ना, तिथपासून परत एकदा सांगा."

अण्णांना चांगलं ऐकू येतं. मी कप खाली ठेवला आणि तो पोरगा एकटा सुटला तिथपासून परत सुरुवात केली.